सेटची वही आणि आबांचा हात

एका इंग्रजी शब्दापायी मी एका उन्हाळ्यात आमचं सगळं घर डोक्यावर घेतलं होतं. शब्द अगदी एवढासा. सेट. आज माझा नातू मोबाईलवर बोट फिरवतो आणि त्या शब्दाचे अर्थ भराभरा खाली सरकत येतात. ते वाचून व्हायच्या आधीच तो दुसरं काहीतरी बघायला लागतो. मला त्याचा राग येत नाही, खरं सांगायचं तर कीव येते. त्यातला एकेक अर्थ मला म्हशीमागं, चुलीपुढं, खुराड्यात डोकं घालून शोधावा लागला होता. सापडला की मी अशी नाचायचे की आई भाकरी थापता थापता म्हणायची, पोरीला इंचू चावला का काय.

आमचा वाडा वेल्ह्याकडच्या पासली गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर होता. वाडा म्हटलं की भोरकडच्या माणसांना चिरेबंदी भिंती दिसतात. आमचा धनगरवाडा म्हणजे शेणानं सारवलेल्या कुडाची पाच घरं, प्रत्येक घरात माणसांइतक्याच म्हशी, आणि दोघांच्या मध्ये एक आडवी वेळूची काठी. सकाळ व्हायची ती ताक घुसळायच्या आवाजानं. आई खांबाला दोरी अडकवून रवी ओढायची, आणि लोणी वर येऊ लागलं की तो आवाज जड व्हायचा. मी डोळे न उघडताच ओळखायचे. मग नाचणीची भाकरी, त्यावर बोटभर लोणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. ते खाऊन मी दप्तर पाठीला लावायचे आणि तासभर डोंगर उतरून खालच्या शाळेत जायचे. ती शाळा सातवीपर्यंत. मी सातवीत होते, आणि वार्षिक परीक्षा झाली की माझं शिक्षण संपणार हे घरात कुणी बोललंसुद्धा नव्हतं, इतकं ते ठरलेलं होतं. वाड्यावरची एकही मुलगी आठवीला गेली नव्हती. आठवीला भोरला राहावं लागायचं, आणि भोर आमच्या लेखी दुसरा देश होता.

आबांची, म्हणजे माझ्या वडलांची, दोन कामं. एक म्हशी राखणं आणि दुसरं हाडं बसवणं. गुरंढोरं असोत की माणसं, कड्यावरून घसरलेलं कुणीही असो, त्याला आमच्या दारात आणत. आबा डोळे मिटून नुसत्या बोटांनी चाचपत, तोंडानं त्या माणसाला त्याच्या म्हशीचं दूध किती, रेडकू कितवं असं काहीबाही विचारत, आणि तो उत्तर देत असतानाच हाड जागेवर बसवून मोकळे होत. मग मेदालकडीच्या सालीची पूड अंड्याच्या पांढऱ्यात कालवून लेप, वर वेळूच्या कामट्या, वर चिंधी. एकवीस दिवस. आणि या कामाचा एक नेम होता. त्याचं काही घ्यायचं नाही. पैसा नाही, नारळ नाही, चहासुद्धा नाही. घेतलं तर हातातला गुण जातो असं आबांच्या वडलांनी त्यांना बजावून सांगितलं होतं, आणि आबा ते देवाच्या शपथेपेक्षा कडक पाळत.

इंग्रजी शिकवायला मोघे गुरुजी होते. घर भोरला, बायको आणि आई तिकडे. आठवडाभर हे शाळेच्या मागच्या खोलीत स्टोव्हवर खिचडी करून राहत. त्यांच्याकडे एक जाडजूड डिक्शनरी होती, मेणकापडात गुंडाळलेली, आणि ती उघडायच्या आधी ते हात धुवायचे. एकदा त्यांनी सेट हा शब्द फळ्यावर लिहिला आणि डिक्शनरी आमच्यापुढं धरली. पान उलटलं तरी सेट, पुन्हा उलटलं तरी सेट. गुरुजी म्हणाले की घाबरू नका, हे सगळं तुमच्या घरात आहे, फक्त तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. ते रोज त्यातले दोनतीन अर्थ मराठीत सांगणार आणि आम्ही ते घरात कुठं दिसतात ते हुडकून आणायचं. पुस्तकातलं वाक्य चालणार नाही. घरात दिसलं तरच वहीत.

चार दिवसांत बाकीची पोरं कंटाळली. मला मात्र झपाटल्यासारखं झालं. सूर्य मावळतो तो सेट, हे कुणालाही दिसतं. पण आई रात्री दुधाला विरजण लावते आणि सकाळी दही लागतं, तेही सेट. कोयत्याला धार लावायची, सेट. उंदरासाठी पिंजरा लावून ठेवायचा, सेट. आमच्या वाघ्याला कोल्ह्याच्या अंगावर सोडायचा, सेट. कोवळी कैरी खाऊन दात आंबले तर त्यातसुद्धा सेट, आणि त्या दिवशी खात्री करून घ्यायला मी इतक्या कैऱ्या खाल्ल्या की भाकरी चावता येईना. आंब्याला मोहोर झडून बारीक कैरी धरते, तेही सेटच. हे कळलं त्या सकाळी मी झाडाखाली उभी राहून वर बघत राहिले. कुठल्यातरी लांबच्या साहेबानं आमच्या झाडाकडे बघून शब्द केला असावा असं मला वाटलं. आज साठ वर्षांनी, आयुष्यभर इंग्रजी शिकवून झाल्यावर, मला ठाऊक आहे की तसं काही नसतं. भाषा कुणी बसून करत नाही. पण ती सकाळ आठवली की अजून मान आपोआप वर जाते.

सगळ्यात मोठी लूट सापडली ती कोंबडीत. आईची तांबडी कोंबडी खुडूक झाली होती, म्हणजे अंड्यांवर बसायला आली होती, आणि तिच्याखाली घालायला आईनं नऊ अंडी राखली होती. अंडी विषमच घालायची, प्रत्येकावर कोळशानं रेघ ओढायची, आणि बसवल्यावर एकवीस दिवस तिला हात लावायचा नाही. डिक्शनरीत बारीक अक्षरात तेही होतं. कोंबडी अंड्यांवर बसवणं, सेट. गुरुजींनाच ते माहीत नव्हतं; त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं, आणि मग माझी वही पहिल्या पानापासून चाळली. त्या शनिवारी शाळा सुटताना ते म्हणाले, उद्या मी तुमच्या वाड्यावर येतो, आबांशी तुझ्या आठवीचं बोलायचं आहे. माझ्या घरी भोरला राहशील, माझी आई आहे, काही अडचण नाही. मी डोंगर कसा चढले मला आठवत नाही. घरी कुणाला सांगितलं मात्र नाही. गुरुजींच्या तोंडूनच आबांनी ते ऐकावं अशी माझी हौस.

रविवारी मी त्यांना आणायला खाली गेले. गाडीवाट लांबची पण चांगली होती. पण त्याच सकाळी आबा पलीकडच्या उतारावर राब भाजत होते. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, डहाळ्यांची कवळं पसरून पेटवतात तो राब. पेटवणं हाही सेटच, वहीतला सतरावा, आणि तो विझायच्या आत गुरुजींना दाखवायचाच म्हणून मी त्यांना गवताच्या सरळ उतारानं नेलं. चैत्रातलं वाळलेलं गवत तेल सांडल्यासारखं निसरडं असतं, हे आमच्या पायांना ठाऊक, भोरच्या चपलांना नाही. मी पुढं पळत होते, मागून आवाज आला. वळून बघते तो गुरुजी दहा हात खाली, आणि उजवा हात मनगटापासून भलतीकडे वळलेला. ते ओरडले नाहीत. मला आधी त्यांनी बरोबर आणलेली डिक्शनरी दिसली, उतारावरून घरंगळून मेणकापडासकट करवंदाच्या जाळीत अडकलेली. ती मी आधी घेऊन आले, याची मला आजही लाज वाटते.

आबा राब तसाच टाकून आले. गुरुजींना दगडावर बसवून त्यांनी डोळे मिटले, बोटं फिरवली आणि विचारलं, मास्तर, भोरात तुमच्या घरी दूध कितीचं लागतं. गुरुजींनी शेर म्हणायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं, कारण तेवढ्यात काम झालं होतं. घरी आणल्यावर आईनं राखलेल्या नऊ अंड्यांतली दोन लेपासाठी फोडली. उरलेली सात विषमच होती, म्हणून तिनं त्याच दुपारी ती कोंबडीखाली घातली. कामट्या मी धरल्या. गुरुजींचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, पण आई अंडी मोजून घालत होती ते बघून ते मला हळूच म्हणाले की वहीत दोन्ही एका तारखेला लिही. हाड बसवणं, तोही सेट होता. कोंबडी मी अठरावी लिहिली, हाड एकोणिसावं. माझ्या आठवीचं बोलणं त्या धांदलीत राहूनच गेलं.

पुढचे एकवीस दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे दिवस. गुरुजींचा उजवा हात गळ्यात, म्हणून फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं. ते सांगायचे, मी लिहायचे. खडूची पूड केसांत घेऊन घरी यायचे, खुराड्याशी कान लावायचे, मग आबांना गुरुजींची बोटं आज कशी हलली ते सांगायचे. आबा ऐकून नुसतं हं म्हणत, पण दुसऱ्या दिवशी मी सांगितलं नाही तर स्वतःहून विचारत. आई म्हणायची की पोरीच्या अंगात दोन कोंबड्या बसल्यात. परीक्षाही झाली. माझी इंग्रजीची उत्तरपत्रिका गुरुजींनी डाव्या हातानं तपासली, आणि तो वाकडातिकडा आकडा बघून आनंदाच्या भरात मी त्या दिवशी जेवलेही नाही.

एकविसाव्या दिवशी सकाळी अंडी फुटायला लागली आणि त्याच दिवशी गुरुजी कामट्या काढायला वर आले, या वेळी गाडीवाटेनं. योगायोगानं हौसाआत्याही आली होती. आबांची थोरली बहीण, उत्रोलीला भातशेती, दरवर्षी वैशाखात पिलांची एक जोडी आणि तुपाचं गाडगं न्यायला यायची. आबांनी चिंध्या सोडल्या, कामट्या काढल्या, कोमट पाण्यानं लेप धुतला. मग गुरुजींपुढं पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला, म्हणाले, उचला, आणि त्यांच्याकडे पाठ करून म्हशींकडे निघून गेले. गुरुजी गोंधळले. मी आईला विचारलं की आबा थांबले का नाहीत. आई म्हणाली, बसवणारा समोर असला की माणूस त्याच्या तोंडाकडं बघत बसतो, हाताकडं बघत न्हाई. गुरुजींनी तांब्या उचलला. थोडं पाणी सांडलं, पण उचलला.

आबा परत आले तेव्हा गुरुजींनी माझ्या आठवीचा विषय काढला. मी भोरला त्यांच्याकडे राहीन, जेवणखाण, वह्यापुस्तकं ते बघतील. मी खुराड्यातली चिवचिव ऐकायचीसुद्धा विसरले. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर," ते म्हणाले, "ह्या हातानं बसवलेल्या हाडाचं म्या आजवर सुपारीसुदिक घेतली न्हाई. माज्या बानं बी घेतली न्हाई. तुमी पोरगी शिकवायची म्हणताय. येवढं म्या घेतलं तर माजा हात ऱ्हाईल का?"

गुरुजी म्हणाले की याचा हाताशी काही संबंध नाही. मी मध्ये पडले. आबांच्या बोलण्यात मी आयुष्यात पहिल्यांदा मध्ये पडले.

"आबा, त्ये पडायच्या आदीच त्येच इचारायला येत हुते."

"येत हुते," आबा म्हणाले. "इचारलं न्हवतं."

संपलं. मी घरामागं जाऊन रडले नाही, चिडले. आबांवर नाही, स्वतःवर. गाडीवाटेनं आणलं असतं तर गुरुजी धडधाकट दारात पोचले असते, खाली बसले असते, बोलले असते, आणि आबा कदाचित हो म्हणाले असते. एक राब दाखवायच्या हौसेनं मी माझी आठवी त्या उतारावर सांडली होती. मी अंगणात येऊन तसं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. गुरुजी तोंड फिरवून बसले. आई म्हणाली की मग मी घेते, मी कुठं हाड बसवलंय. पण बोलता बोलता तीच थांबली, कारण लेपातली अंडी तिची होती. कामट्या धरणारी मी. त्या घरातला कुणाचाच हात मोकळा नव्हता.

हौसाआत्या इतका वेळ पिलं निवडत होती. तिनं दोन पिलं पदरात धरली, उठली आणि आबांपुढं आली.

"दगडू, मास्तरचं घ्यायचं न्हाई ना तुला? नको घिऊ. माजं घे. उत्रोलीवरनं भोर चालत जाता येतंय. भाकरी माजी, पोरगी भातलावणीला माजी. माजं हाड तू कवाच बसवलं न्हाईस."

आबांनी नेमाला धरून विचार केला. ते म्हणाले की आक्का, ल्हानपणी तुझा पाय मोडला होता. आत्या म्हणाली की तो बानं बसवला होता, तुझ्या हातावर कसा येतोय. मी बघितलं, त्यांच्या मिशीचं एक टोक हललं.

पण त्यांनी अट घातली. गुरुजींची चिठ्ठी नको, शब्द नको, ओळख नको. शाळा सोडल्याचा दाखला तेवढा घेतला, कारण तो हक्काचा. बाकी भोरच्या शाळेत ते स्वतः जाऊन बोलणार. गुरुजींना ते फार लागलं असावं, पण त्यांनी मान हलवली. जाताना त्यांनी आबांना नमस्कार केला, तो मात्र उजवा हात कपाळापर्यंत नेऊन केला, आणि आबांनी तो घेतला.

जूनच्या सुरुवातीला आम्ही वेल्ह्यावरून एसटीनं निघालो. विंझर गेलं, नसरापूरला गाडी बदलली. आबा खिडकीशी, घोंगडं मांडीवर, दर थांब्याला मला विचारत की आलं का. मुख्याध्यापकांच्या दाराशी त्यांनी घोंगडं आणि काठी बाहेर ठेवली आणि मग आत जायला पाऊलच उचलेना. कड्यावर सरसर चढणारा माणूस त्या उंबऱ्याशी अडला. शेवटी मीच आधी आत गेले. मुख्याध्यापक वाईट नव्हते, दमलेले होते. त्यांनी दाखला पाहिला आणि सांगितलं की आठवीच्या जागा थोड्या उरल्या आहेत, आणि डोंगरावरच्या मुली पाऊस लागला की घरी जातात त्या परत येत नाहीत. जागा वाया जाते. आबा उभ्याउभ्या जमिनीकडे बघत होते. त्यांना विनवणी करता येत नव्हती, कधी करावीच लागली नव्हती. मी दप्तरातून वही काढून टेबलावर ठेवली.

त्यांनी ती चाळली, हसले, आणि म्हणाले की बरं, सांग, पाठ आहे का. पाठ कशाला करायचं होतं. मी घरातून चालत गेल्यासारखी सांगत सुटले, मराठीत नाव आणि मोडक्या इंग्रजीत वाक्य. दही, धार, पिंजरा, वाघ्या, आंबलेले दात, राब. कोंबडीवर त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं की ही कोंबडी कुठल्या पुस्तकातली. मी म्हटलं, आमच्या खुराड्यातली. त्यांनी कपाटातून स्वतःची डिक्शनरी काढली, बराच वेळ बोट फिरवलं, आणि एका जागी ते थांबलं. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली. पुढचा सांग, म्हणाले. पुढचा एकोणिसावा होता. मी हाड म्हटलं आणि आबांनी पहिल्यांदा मान वर केली.

"सायबाच्यात बी हाडं बसवत्यात?" त्यांनी विचारलं.

"बसवतात की."

"मग त्ये बी काय घेत नसतील," आबा म्हणाले.

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं, आणि दौतीत टाक बुडवून माझं नाव विचारलं. ठकूबाई, मी म्हटलं, आणि आनंदानं माझा आवाज इतका मोठा निघाला की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. पुढं याच भोरात मी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. माझ्या घरी येऊन किती मुलं शिकून गेली त्याचा हिशेब नाही, आणि त्यांच्या आया ओटीत काहीबाही घालायला आल्या की मी दारातूनच परत पाठवायचे. लोक मला शिष्ट म्हणायचे. म्हणोत बापडे.

दुपार कलता आम्ही उत्रोलीला पोचलो. आत्या अजून शेतातून यायची होती. आबांनी माझं बोचकं अंगणाच्या मधोमध ठेवलं. त्यात कपडे होते, वही होती, आईनं दिलेली नाचणी होती, तुपाचं गाडगं होतं. मला वाटलं आता ते बसतील, पाणी पितील, काहीतरी सांगतील. ते म्हणाले, उचल, आणि पाठ करून बांधावरून चालू लागले. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. हाक मारावी असं शंभरदा वाटलं. पागोटं लहान लहान होत गेलं, बांधाच्या वळणावर दिसेनासं झालं, आणि तेव्हाच मला आमच्या अंगणातला तो तांब्या आठवला.

बोचकं जड होतं. मी ते उचललं आणि आत नेलं.